निलेशचा शेवटचा निकाल

निलेश जुगारात मेला नाही.

एवढं एकच लिहायचं होतं. वर्ष गेलं त्यात. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

निलेश माझा मित्र. मूळचा घाटघरचा. कामाला आमच्या पिंपरी पेंढारला, टोमॅटोच्या नर्सरीत. आठवडाभर रोपांचे ट्रे आणि फवारणी, आणि रविवारी दुपारी हायवेच्या कडेला बबनकाकांच्या रसवंतीत आमचा कार्ड गेम.

रमी नाही, तीन पत्ती नाही. योद्धे, राक्षस, ड्रॅगन असलेली कार्डं. प्रत्येक कार्डावर त्याची ताकद लिहिलेली. पैसे लावायचे नाहीत हा निलेशचा पहिला नियम.

वाद झाला की जज निलेशच.

"भांडू नका राव. आधी कार्ड वाचा."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. हसत म्हणायचा. मग दोघांची कार्डं हातात घेऊन शांतपणे सांगायचा, आणि त्याच्यावर कुणी बोलायचं नाही.

त्या रविवारी ओमकार आणि तुषार खेळत होते. दोघंही विशी ओलांडलेले, दोघांनाही निलेशनंच शिकवलेलं. ओमकार तर त्याच्याच रूमवर राहायचा. डोक्यानं गरम पोरगा. घरातून भांडून निघाला तेव्हा निलेशनंच त्याला नर्सरीत चिकटवला होता.

डाव शेवटाला आला. टर्न तुषारचा. ओमकारची लाइफ संपत आलेली.

तुषारनं हल्ला केला आणि दोघांचीही कार्डं एकदम मेली.

तुषारच्या कार्डावर लिहिलेलं, मेल्यावर समोरच्याला डॅमेज. ओमकारच्या कार्डावर, मेल्यावर मालकाला लाइफ.

डॅमेज आधी धरला तर ओमकार खलास. लाइफ आधी मिळाली तर वाचला.

"मेला! ओंक्या मेला!" तुषार उभा राहून ओरडायला लागला.

"नाय मेलो! माझी लाइफ आधी!"

"टर्न माझा हाय, माझं आधी व्हनार!"

"निलेशदादाला विचार!"

"त्याला काय विचारायचं? तू त्याच्याच भाकरीवर जगतो ना?"

ओमकारनं त्याची कॉलर धरली. तुषारनं त्याचं तोंड बाकावर आपटलं. ओठ फाटला, दात तुटला. ओमकार रक्त थुंकत उठला आणि उसाच्या मोळीवर पडलेला कोयता त्याच्या हातात आला.

निलेश मध्ये गेला. हातात अजून दोघांची कार्डं.

"ओंक्या, थांब. सांगतो ना मी. ऐक तर..."

कोयता तुषारवर उगारलेला होता. लागला निलेशच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये.

माणसाचं रक्त एवढ्या जोरात येतं हे मला माहीत नव्हतं. मशीनवर, ग्लासांवर, माझ्या तोंडात.

मी लोखंडी स्टूल उचललं आणि ओमकारला हाणत सुटलो. त्यानं हातही वर केला नाही. बबनकाकांनी मला मागून ओढलं.

"त्याला सोड! याला उचल आधी!"

पिकअपमध्ये टाकलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर, मी टॉवेल दाबून धरलेला, आणि टॉवेलमधून रक्त माझ्या बोटांवर येतंय.

तशात तो बोलायला लागला.

"टर्न तुषारचा... त्याचा इफेक्ट आधी ठेवायचा... खाली."

"निल्या, गप पड."

"ओंक्याचा त्याच्यावर. सोडवताना वरचा आधी... लाइफ आधी मिळती."

"बोलू नको ना यार!"

"ओंक्या वाचला. त्याला सांग."

नारायणगावला डॉक्टर म्हणाले, पुण्याला हलवा. ॲम्ब्युलन्स मंचरच्या अलीकडे होती तेव्हा माझ्या हातातला त्याचा हात ढिला पडला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. पत्त्यांच्या जुगारातून तरुणाचा खून.

ती बातमी घाटघरला त्याच्या आईपर्यंत पोचली.

दिवस घालून झाल्यावर मी घाटघरला गेलो. त्याची आई, मी मावशी म्हणतो त्यांना, ओट्यावर बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसलेला.

"माझा निल्या जुगार खेळत व्हता?"

मी माझी कार्डं बरोबर नेली होती. जमिनीवर मांडली. कुणाचा टर्न, कोण मेलं, कुठलं कार्ड खाली, कुठलं वर. मग गाडीत तो काय बोलला तेही सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्या पोराचंच बरूबर व्हतं?"

"हो."

"मंग त्याला सांगितलंस का?"

"मावशी, त्यानं निलेशला मारलंय. सडू दे त्याला तिथं."

"सडू दे. पन निल्यानं सांग म्हनलं ना तुला? मंग सांगायचं."

मला नव्हतं सांगायचं. खरं सांगतो, ओमकारला त्या स्टुलाखाली संपवला असता तर बरं झालं असतं असं मला कित्येक महिने वाटत होतं.

तारखेला त्याला कोर्टात आणलं तेव्हा गेलो. हातात बेडी, अंगानं निम्मा झालेला. हवालदार म्हणाला, पटकन बोला.

मी म्हणालो, "ओंक्या, त्या डावात तू वाचला होतास. तुझी लाइफ आधी. निलेशनं मरताना सांगितलं."

त्यानं पोलीस गाडीची जाळी धरली.

"पन टर्न तुषारचा व्हता ना?"

"म्हणूनच."

त्याला कळलं. निलेशनंच शिकवलेला होता, कळणारच. त्यानं गाडीच्या जाळीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. दोन हवालदारांनी धरला तरी आपटतच होता, कपाळ फुटून रक्त डोळ्यात गेलं तरी.

मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

आज सकाळी घाटघरला जाऊन आलो. मावशी भात लावायला गेल्या होत्या, चिखलातूनच हात केला.

निल्या, येतो रे. खूप आठवण येते.