साडूंच्या तक्त्यातला एक रकाना

निर्णय कसा घ्यावा या विषयाचा आमच्या साडूंइतका अभ्यास केलेला माणूस वाशी ते बेलापूर पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका निर्णयाला घाबरणाराही सापडायचा नाही. ते नेरूळच्या एका कॉलेजात शिकवतात आणि गेली नऊ वर्षं पीएच.डी. करतात. विषय : घाऊक बाजारातील निर्णयप्रक्रियेत माहितीप्रणालींचा उपयोग. त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ‘वा, छान’ म्हटलं होतं. अजूनही तेवढंच म्हणतो, कारण त्यापुढे काही विचारलं की ते लॅपटॉप उघडतात.

आम्ही कोपरखैरण्यात एकाच सोसायटीत राहतो, त्यामुळे त्यांचा अभ्यास मला रोज डोळ्यांनी बघावा लागतो. त्यांच्या घरात फ्रिज यायला चौदा महिने लागले. दुकानातल्या एकूण एक फ्रिजचा तक्ता झाला, प्रत्येक गुणाला मार्क पडले, आणि तेवढा काळ मेहुणी दुधाचं पातेलं घेऊन आमच्याकडे येत राहिली. आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. कुठली आधी येईल याच्या त्यांनी महिनाभर नोंदी ठेवल्या आणि शेवटी जिन्यानं जायला लागले. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आले तेव्हाही खिशात बावीस मुद्द्यांचा कागद होता. मेहुणीनं तो बघितला. “मला किती पडले?” “एकसष्ट.” “आणि तुम्हाला?” साडू गप्प. स्वतःला मार्क द्यायचे असतात हे त्यांना सुचलंच नव्हतं. पुढे मेहुणीनं माझ्या बायकोला सांगितलं, “ताई, त्या गप्प बसण्यावरच मी हो म्हटलं गं.”

संशोधनासाठी त्यांना बाजार मिळवून दिला तो मामांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी. मामा तरुणपणी साताऱ्याकडून आलेले. कांद्याच्या बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर त्यांनी चाळीस वर्षं सौदे केले. साडूंनी तिथल्या व्यापाऱ्यांसाठी एक प्रणाली बनवली. आजची आवक, उद्याचं हवामान, इतर बाजारांतले भाव, सगळं एका पडद्यावर. व्यापारी यायचे, पडदा बघायचे, “लई भारी केलंय सर,” म्हणायचे, आणि पाठ वळवून जुन्या पद्धतीनं रुमाल टाकायचे. एकानं दुसऱ्याचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबायची, त्या बोटांवर भाव ठरायचा. शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. साडू रडकुंडीला यायचे. “मामा, अहो माहिती पडद्यावर आहे आणि निर्णय रुमालाखाली होतोय! मी नोंद कशाची करू?” मामा म्हणायचे, “पाव्हणं, भाव काय नुसत्या आवकीवर ठरतोय व्हय? समोरच्याचा हात गार हाय का गरम, ह्ये तुमच्या मशिनीला कळतंय का?”

आणि मग मागच्या वर्षी मामांच्या छातीत दुखायला लागलं.

डॉक्टर भला माणूस होता, पण त्यानं चेंडू आमच्याकडे टोलवला. “वय बघता ऑपरेशनला धोका आहे, न करण्यालाही आहे. चार वाजेपर्यंत सांगा.” सासूबाई नाहीत, मुलगा नाही. माझी बायको म्हणाली, “करायचंच.” मेहुणी म्हणाली, “नको, टेबलावरच गेले तर?” मग दोघींनी एकदम आमच्याकडे पाहिलं. मी थोरला जावई. मी चहा आणायला गेलो. चहा कुणालाच नको होता. तरी मी दोनदा गेलो.

परत आलो तर साडू खाटेशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, कपाळावर घाम. धोका, वय, साखर, घरी बघायला कोण, सगळे रकाने भरले होते. बायको कुजबुजली, “अहो, याला कुणीतरी आवरा. इथं जीव टांगणीला लागलाय!” पण आवरायला गेलो तर पुढचा प्रश्न मलाच विचारला गेला असता, म्हणून मी चहाचे कप हातात धरून उभा राहिलो. शेवटचा एक रकाना उरला होता. साडू घसा खाकरून म्हणाले, “मामा, तुमची स्वतःची इच्छा. दहापैकी किती?”

मामांनी आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. “पोरी हितं हुब्या हायत. आकडा तोंडानं बोलायचा नसतो, पाव्हणं. टाका रुमाल.”

साडूंना क्षणभर कळेना. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून मामांच्या हातावर पसरला आणि आपला हात खाली सरकवला. आम्ही तिघं त्या रुमालाकडे बघत राहिलो. कापड जरासं हललं, थांबलं, पुन्हा हललं. साडूंचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी हात काढला, लॅपटॉप मिटला आणि सरळ काउंटरवर जाऊन ऑपरेशनच्या कागदावर सही केली. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

मी मागून धावलो. “काय म्हणाले मामा? किती?”

“सौदा दोघांतला असतो, दादा,” ते म्हणाले आणि बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. मी शेजारी बसलो. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्यांना गार झालेला चहा दिला. त्यांनी तो मुकाट्यानं प्यायला.

मामा वाचले. बाजारात आता जाववत नाही, दुपारभर साडूंच्या गॅलरीत बसून असतात. त्यांनी त्या दिवशी जगायला मागितलं होतं, की सुटायला, आणि साडूंनी ते ऐकलं की मोडलं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. मामांना विचारलं की ते हसतात. प्रबंध अडून बसलाय. गाइड म्हणतात, बाजारातल्या त्या रुमालांचा काहीतरी हिशेब लावा, एक प्रकरण लिहा आणि संपवा. साडू रोज लिहायला बसतात आणि उठून मामांजवळ जाऊन बसतात.

माझंही वय होत आलं. साडूंच्या सोबतीनं जिना चढताना हल्ली मधेच थांबावं लागतं, आणि नको नको ते मनात येतं. कधीतरी माझ्याही उशाशी येऊन कुणीतरी चार वाजेपर्यंत सांगा म्हणेल. तेव्हा आपला हात कुणाच्या हातात द्यायचा, एवढं मात्र मी ठरवून टाकलंय. आयुष्यात चहाच्या निमित्तानं न पळता घेतलेला माझा हा एकच निर्णय. साडूंना अजून सांगितलेला नाही. ते ज्या दिवशी जिन्यात माझ्यासाठी थांबतात, त्या दिवशी ओठांवर येतो, आणि मी उगाच पावसापाण्याचं काहीतरी बोलतो.