जगताप हवालदारांची चौकी

सकाळी दहाच्या सुमारास तात्या जगताप दुकानांच्या रांगेतल्या पोलिस चौकीसमोर जाऊन उभे राहायचे. दार ढकलून बघायचे, आणि खिशातल्या वहीत तारीख घालून एकच शब्द लिहायचे : 'बंद'. पाऊस असो, वारा असो, हा नेम चुकला नाही.

तात्या कराडकडचे, निवृत्त हवालदार. त्यांची मुलगी वैशालीताई हिच्या घरात मी एक खोली भाड्यानं घेतली होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाटोएटोच्या पुढे आमचं उपनगर. शिकायला आलेली मी माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात चिकटले होते आणि कायम राहण्याच्या परवान्याची वाट बघत होते.

त्या चौकीत पूर्वी टेविता नावाचा, टोंगा बेटांवरचा शिपाई बसायचा. कोणाचं पोर शाळा बुडवतं, कोणाच्या घरात मारहाण होते, सगळं त्याला ठाऊक. तात्या आधी एकदा आले होते तेव्हा या दोघांची दोस्ती जमली होती. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी दोघं बाकावर तासभर बसायचे. २०१६ च्या हिवाळ्यात तात्या परत आले तोवर टेविताची बदली झाली होती आणि त्याच्या जागी येणाऱ्याचा पगार मंजूर झाला नव्हता. पाटी तेवढी राहिली होती.

त्याच महिन्यात कोपऱ्यावरच्या हसमुखभाईंच्या डेअरीत, म्हणजे दूध-पाव-सिगरेटच्या दुकानात, भरदुपारी तिघं घुसले. सिगरेटी नेल्या, भाईंच्या खांद्यावर हातोडी मारली. पोलिसांची गाडी दुसऱ्या भागातून आली, तीही दुसऱ्या दिवशी. तात्यांनी विचारलं, याआधी असं झालं होतं का? भाई म्हणाले, तीनदा, पण कळवून उपयोग काय, येतं कोण? तात्या घरी येईपर्यंत धुमसत होते.

"तक्रार न्हाई म्हणजे गुन्हा न्हाई," ते मला म्हणाले. "गुन्हा न्हाई म्हणजे शिपाई न्हाई. आन् शिपाई न्हाई म्हणून तक्रार न्हाई. बसा बोंबलत."

मग माझे शनिवार गेले. तात्या पुढे, मी दुभाषी मागे. प्रत्येक घराच्या दारात उभं राहून ते मोठ्यानं 'किया ओरा' असा माओरी नमस्कार घालायचे आणि पुढचं सगळं मराठीत. फुटलेली काच, चोरीला गेलेली सायकल, धमकी, काहीही असो, कळवा, असं सांगायचे. लोक हसायचे, चहा द्यायचे, आणि हळूहळू कळवायलाही लागले. एका माओरी आजींनी तर दोन वर्षांपूर्वीची चोरी कळवली. ते ऐकून तात्यांनी त्यांना उभ्या उभ्या सलाम ठोकला.

वसंतात लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा झाली. पोलिसांकडून आलेले साहेब सौम्य होते. तक्रारी वाढल्यात हे आमच्या लक्षात आलंय, ते म्हणाले, पण पगाराचे पैसे वरून येतात, आणि ते साऱ्या जिल्ह्यात वाटायचे असतात. तोवर दुकानदारांनी वर्गणी काढून खासगी रखवालदार ठेवावा. दुसऱ्या एका उपनगरानं ठेवलाय, तिथे छान चाललंय.

तात्यांनी मला कोपरानं ढोसून अर्थ विचारला. मी सांगितला. ते उठले.

"साहेब, मी पस्तीस वर्षं सरकारचा पगार खाल्ला. शिपायाचा पगार सरकारनं दिला तरच त्यो गरिबाचा असतो. सावकारानं दिला की सावकाराचा. त्या दुसऱ्या गावाला वर्गणी परवडती. आमच्या लोकांनी काय करायचं? मार खायचा?"

हॉल माझ्याकडे बघत होता. मी इंग्रजीत सांगितलं की काकांना सरकारी पोलिस जास्त विश्वासाचे वाटतात. साहेबांनी मान डोलावली, आभार मानले. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "मी येवढं बोललो, आन् तुझं दोन वाक्यांत उरकलं?" माझा परवान्याचा अर्ज सरकारकडेच पडलाय, म्हणून जपून बोलले, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

रखवालदार आला. पिवळं जाकीट घालून दुकानांसमोर फिरायचा. एका दुपारी लायब्ररीच्या दारात एका म्हाताऱ्या टोंगन बाईंची पर्स कोणीतरी हिसकावली. त्या पडल्या. रखवालदार वीस पावलांवर होता. त्यानं तात्यांना हातानं खूण करून दाखवलं की आपली हद्द दुकानांसमोरची फरशी संपते तिथवर. माणूस वाईट नव्हता. त्याला सांगितलं होतं तेवढंच तो करत होता. तात्या त्या बाईंचा हात धरून बाकावर बसून राहिले. गाडी यायला दीड तास लागला. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत.

उन्हाळ्यात त्यांच्या व्हिसाची मुदत संपली. विमानतळावर वैशालीताई रडत होती आणि तात्या मला बजावत होते की शनिवार सोडू नकोस. मी दोन महिने गेले. मग कामाचं निमित्त मिळालं.

ते मात्र दर रविवारी कराडहून फोन करायचे. वैशालीताईकडे नातवाची चौकशी झाली की मला विचारायचे, नेमणूक झाली का? नाही म्हणायची मला सवय झाली. मधल्या काळात देशभर पोलीसभरती झाल्याच्या बातम्या आल्या, माझा परवानाही आला. आमच्या चौकीच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान निघालं. ते मी त्यांना कळवलं नाही.

२०१९ मध्ये तात्यांचं हृदय दमलं. वैशालीताई कराडला निघून गेली आणि तिथून तिनं मला फोन लावला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. "झाली म्हणून सांग गं," ती म्हणाली, "बरं वाटेल त्यांना." तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.

मी म्हटलं, "तात्या, झाली नेमणूक. आला नवा शिपाई."

मग त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं?"

इतकी वर्षं ज्या माणसाची मागणी केली, त्याला एक नाव द्यायचं मला सुचलं नाही. कुठलंही चाललं असतं.

"आसू दे," तात्या म्हणाले. "जेवलीस का?"