दोन नावांची सायटेशन्स

लग्नात माझं नाव बदललं. नुसतं आडनाव नव्हे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवीन नाव लिहिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिलं, मधलं, शेवटचं अशी तिन्ही नावं एका दुपारी गेली. मलाही हौस होती, खोटं कशाला बोलू? तेव्हा पीएच.डी. अर्ध्यावर होती आणि दोन पेपर माहेरच्या नावाने छापून आले होते. पुढचे सगळे सासरच्या नावाने गेले. कुणी अडवलं नाही. माझ्या गाईडनी तर पेढे खाल्ले.

त्या दोन पेपरांत काय होतं ते सांगते, घाबरू नका. पुस्तकातलं क्वांटमचं गणित असं धरून चालतं की आतलं काही गळत नाही आणि बाहेरून भर पडत नाही. त्या शिस्तशीर गणिताला हर्मिशियन म्हणतात. खऱ्या जगात प्रकाश झिरपतो, ऊर्जा निसटते. त्या गळक्या जगाचं गणित ते नॉन-हर्मिशियन. त्यात गळती नेमक्या एका मापाची झाली की दोन वेगळ्या अवस्था एकमेकींत मिसळून एकच उरते. ते माप काढायची एक सोपी रीत मी दाखवली होती. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग हा विषय एकाएकी चलतीत आला, आणि कुठले कुठले लोक त्या दोन पेपरांचा हवाला देऊ लागले.

इकडे दिल्लीत मी वर्षानुवर्षं असोसिएट प्रोफेसर. प्रोफेसर व्हायचं तर सायटेशन्स, म्हणजे असे हवाले, मोजतात, आणि मोजणाऱ्या डेटाबेसच्या लेखी माहेरच्या नावाची मी आणि सासरच्या नावाची मी, अशा आम्ही दोघी वेगळ्या. लग्नाचा दाखला पाठवला, राजपत्र पाठवलं. उत्तर आलं, जुन्या पेपरवर छापलेल्या ईमेलवरून खात्री करा. तो ईमेल माझ्या पीएच.डी.च्या वेळच्या पुण्याच्या कॉलेजने कधीच बंद केलेला. दोन अवस्था एक होतात हे मी फळ्यावर सिद्ध करते, पण दोन प्रोफाइल काही एक होईनात.

"अगं, आधार-पॅन लिंक होतं, मग हे का नाही?" नवरा म्हणाला. तो केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, त्याला सगळं लिंक होईल असं वाटतं.

तशीच मुलाखतीला गेले. बाहेरून आलेले तज्ज्ञ वयस्कर होते, भले होते, आणि मुख्य म्हणजे त्यांनी माझं काम खरोखर वाचलं होतं.

"मॅडम, काम अच्छा है, बिल्कुल सॉलिड," ते म्हणाले. "लेकिन ओरिजिनल आयडिया तो उनका है." आणि त्यांनी माझं माहेरचं आडनाव घेतलं. "आप उन्हीं का काम आगे बढ़ा रही हैं. कभी मिली हैं उनसे?"

"सर, वो मैं ही हूँ."

मग सगळे खूप हसले. तज्ज्ञांनी हात जोडले, चहा मागवला गेला. चहा झाल्यावर समितीच्या सचिवांनी मवाळपणे सांगितलं की अर्जाच्या शेवटच्या तारखेला डेटाबेसमध्ये जो आकडा होता तोच धरावा लागतो. त्यात आता भर घालता येणार नाही. पुढच्या वेळी जरूर अप्लाय करा.

मेट्रोने सरोजिनी नगरला उतरले. कपड्यांच्या पिशव्या घेतलेल्या पोरींच्या गर्दीतून क्वार्टरपर्यंत चालत आले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"पुढच्या वेळी."

"छोड़ यार. बस, मी चहा टाकतो."

आणखी एक चहा. समितीचा राग आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण मला त्या भल्या माणसाचं बोलणं लागलं होतं. लग्नानंतरचे माझे सगळे पेपर मी मनातल्या मनात एकेक करून काढून पाहिले. ही प्रणाली, ती प्रणाली, आणि प्रत्येकात रीत तीच, माहेरच्या नावाच्या त्या मुलीची. शिकवणं, पेपर तपासणं, पाहुणे, आजारपणं, यांत नवं काही सुचलंच नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सर चुकले ते फक्त माणूस ओळखण्यात. पुढच्या वेळेपर्यंत कागद जुळतील, मी प्रोफेसर होईन, आणि ती खुर्ची मला तिच्यामुळे मिळालेली असेल.