बर्फाचा मुलूख आणि निळं जंगल

राजूरच्या बाजारात माझ्या मित्राच्या अब्बांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती तिथं आणून टाकतात; मग जळकी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार आटे, म्हणजे वेढे, मोजून भरायची. मित्र हेच काम करायचा. आमची मोटार वर्षाआड जळायचीच, त्यामुळं माझं तिथं जाणं-येणं वाढलं आणि मैत्री झाली.

त्याच्या मामूंनी सौदीहून येताना एक वापरलेला गेम आणला होता, टीव्हीला जोडायचा. त्यात एक माणूस घोड्यावर बसून मोठ्या मुलखात फिरतो. त्याला कुणाला तरी शोधायचं असतं, पण ते काम आम्ही कधी पुढं नेलं नाही. आम्हाला फिरण्यातच गोडी. उत्तरेला बर्फाचे डोंगर, पश्चिमेला वाळवंट, दक्षिणेला समुद्र आणि बेटं, पूर्वेला घनदाट जंगल. दुपारी जेवून अब्बा लवंडले की दुकानावरच्या खोलीत आम्ही तासभर बसायचो. त्याची अम्मी, म्हणजे माझ्या चाची, चहा आणून ठेवायच्या आणि विचारायच्या, आज किधर गए थे बेटा?

माझं आवडतं ठिकाण म्हणजे जंगल. तिथं ऊन खाली पोचतच नाही. झाडांच्या बुंध्यांवर निळ्या अळंब्या मिणमिणतात, पाणी ठिबकत असतं, आणि त्या निळ्या उजेडाच्या अंदाजानं पाऊल टाकायचं. आमच्याकडं मार्च लागला की नजर जाईल तिथवर करडं रान. ती ओल पडद्यावर बघूनच मला बरं वाटायचं.

त्याला बर्फाचा मुलूख आवडायचा. त्यात काय आहे, नुसतं पांढरं, असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "तिथं सगळं बराबर दिसतं. कोण येऊन राह्यलं, कुठं कडा हाय, लांबूनच कळतं." बर्फाच्या खालोखाल तो वाळवंट धरायचा, मी ते शेवटी टाकायचो. समुद्र तेवढा दोघांच्याही यादीत तिसरा. हा वाद आम्ही चहाच्या टपरीवरही चालू ठेवायचो. एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला विचारलं, कुठली जमीन बघून राह्यले? आम्ही कितीतरी दिवस त्यावर हसलो.

जंगलात शिरलं की मात्र तो रिमोट माझ्या हातात द्यायचा. कधी स्वतः खेळलाच तर सरळ झाडावर आदळायचा, नाहीतर दलदलीत जाऊन पडायचा. मला वाटलं, भितो. मी त्याला डरपोक म्हणायला लागलो. आधी खोलीत, मग टपरीवर सगळ्यांसमोर. बाजारात ते नाव त्याला चिकटलंच. तोही हसायचा. मला तेव्हा एवढंच दिसलं, की तो हसतोय.

आम्ही दोघं तार आणायला मोटारसायकलवर जालन्याला जायचो. जाताना तो चालवायचा, येताना ऊन उतरलं की गाडी माझ्याकडं द्यायचा. मी त्याचाही वेगळा अर्थ कधी लावला नाही. एका खेपेला आमच्याकडं कापूस वेचणी चालू होती, म्हणून मी गेलो नाही. तो एकटा गेला. दुकानदारानं माल द्यायला उशीर केला, आणि परतताना, दिवस मावळता मावळता, रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉलीला त्यानं गाडी धडकवली.

हात मोडला, बाकी निभावलं. पण ट्रॉली अजिबात दिसलीच नाही हे ऐकून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं निदान असं, की डोळ्यातला पडदा हळूहळू वाळत चाललाय. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं, मग उरलेलं. याला औषध नाही. त्याच्या नानीलाही असंच होतं. अंधुक उजेडात आपल्याला दिसत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, पण अब्बा काम बंद करतील या भीतीनं त्यानं घरात कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी त्याची माफी मागायला गेलो. टपरीवर मी काय काय बोललो होतो ते मला एकेक आठवत होतं. तो म्हणाला, "तुला कुठं माहीत होतं? मीच सांगितलं न्हाई. जाऊ दे, मंग."

हात बरा झाल्यावर आम्ही पुन्हा बसायला लागलो. मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून ठेवायचो. दोन वर्षांत त्याची नजर कडेनं आत आत येत गेली. किती दिसतं विचारलं तर तो मूठ वळून तिच्या भोकातून बघून दाखवायचा. मी खेळायचो आणि सांगत राहायचो: डावीकडं कडा आहे, समोर कोल्हा बसलाय. मी त्याला बर्फातच फिरवायचो. जंगलाचं नावही काढायचो नाही.

एका दुपारी तो आपण होऊन म्हणाला, आज कुठला मुलूख भारी ते सांग. पूर्वी असा प्रश्न आला की तासभर जुंपायची. मी पटकन म्हणालो, "बर्फाचा. तू म्हणायचा तेच खरं होतं."

तो मग म्हणाला, "खोटं नको बोलू. बर्फात काही न्हाई, ते मला बी माहीत होतं. मलाही जंगलच पाह्यचं होतं रे. दिसतच नव्हतं, तर आवडून काय करणार?"

त्यानं सांगितलं म्हणून मी घोडा पूर्वेला वळवला आणि जंगलात गेलो. अळंब्या, पाणी, झाडांच्या मुळ्या, जे दिसेल ते सांगत गेलो. तो पडद्याकडं न बघता खाली सतरंजीकडं बघत ऐकत होता. मधेच त्यानं हातानं चाचपून बटण शोधलं आणि टीव्ही बंद केला. म्हणाला, "आधी तू भांडायचा. आता नुसता हो हो करून राह्यला. यात मजा न्हाई."

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. गेम त्यानं अंबडला बहिणीच्या पोरांना देऊन टाकला. मी अडवलं नाही, आणि भांडलोही नाही. निदान तेव्हा तरी भांडायला हवं होतं.

आता त्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. मोटारी तो अजून भरतो. तार बसवायच्या खाचा बोटांनी चाचपतो, आटे तोंडानं मोजतो. तारांची जोडणी अब्बा करतात, पण तेही थकलेत. गेल्या महिन्यात मी मोटार घेऊन गेलो तेव्हा त्यानं मला आवाजावरून ओळखलं, घरच्यांची, सोयाबीनची विचारपूस केली. मी बाकड्यावर बसलो. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण त्यानं तार हातात घेऊन मोजायला सुरुवात केली होती. मोजताना मधे बोललं तर चुकतं. चाचींनी चहा पाठवला, तो मी प्यालो. तो मोजतच होता. शेवटी मी उठलो, मोटार गुरुवारी न्यायला येतो असं अब्बांना सांगितलं आणि घरी आलो.