एक शीट बाकी

तळोद्याच्या स्टँडबाहेर डोंगरात जाणाऱ्या जीपा रांगेत उभ्या असतात. शिटा, म्हणजे माणसं, भरल्याशिवाय एकही हलत नाही. काठीकडच्या शाळेवर मी उदेसिंगच्या जीपनं जाते, आणि उशीर झाला की माझं डोकं फिरतं. उदेसिंगचं कधीच फिरत नाही. गाडी भरेपर्यंत तो बॉनेटवर काळी चादर पसरून अंतराळातली लढाई मांडतो.

हा नाद त्याला आमच्या स्टीफनसरांनी लावला. अंगठ्याएवढी प्लास्टिकची जहाजं, फासे आणि अंतर मोजायला पट्टी. सरांची नवापूरला बदली झाली, तेव्हा त्यांनी अख्खा डबा उदेसिंगच्या हातात ठेवला. पण एका हातानं टाळी वाजते का? पुढे तो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. मला ते बघवायचं नाही.

शेवटी त्यानं रांगेतल्या मागच्या जीपवाल्याला, मगनला गाठलं. मगन पत्त्यांतला माणूस. पहिल्याच डावात सपाटून हरला तर पुन्हा फिरकायचा नाही, हे उदेसिंग जाणून होता. म्हणून नवख्याला झेपेल असा ताफा त्यानं काढून ठेवला होता. जहाजं सावकाश चालणारी, पण मार खाऊन टिकणारी.

मगननं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यात मोठं धूड उचलून म्हणाला, "यामा शिटा कितल्या?"

"बारकी जहाजं बसतस पोटमा. पन नवा मानूसले अवघड शे, भो."

"हाईच दे मंग."

व्हायचं तेच झालं. मगनची बारकी जहाजं पटापट पडली. मोठं जहाज चादरीच्या काठाला आलं. बाहेर पडलं की सुटका. पण त्याचं एक पिल्लू, शेवटचं बारकं जहाज, लांब राहिलं होतं.

"निंघी जाय," उदेसिंगच सांगू लागला.

"एक शीट बाकी शे," मगन म्हणाला. "शिटा भरन्यात का मंग गाडी निंघस."

उदेसिंगच्या एका फाशात खेळ संपला असता. इकडे जीप खचाखच भरलेली. वैतागून माझ्या शेजारच्या सीटवरच्या रूपलीबाई तांब्या घेऊन पाणी प्यायला उतरल्या. मी ओरडले, "उदेसिंग, आता कुणाची वाट बघतोस?"

त्यानं हातातले फासे खाली ठेवले. "एक शीट बाकी शे, मॅडम."

तेव्हा मला ते पिल्लू दिसलं. राग कुठे गेला कळलंच नाही. मगननं ते हळूहळू आणून पोटात घातलं आणि जहाज चादरीबाहेर काढलं.

"सकाय मन्हा नंबर पयला शे," तो म्हणाला. "मन्ही गाडीवर मांडजो."

उद्याचा डाव ठरला! उदेसिंगला आभाळ ठेंगणं झालं. डबा सीटखाली सारून, शीळ घालत त्यानं जीप सोडली ती थेट नाक्यापर्यंत.

मागून रूपलीबाई तांब्या हलवत धावत होत्या, आणि अख्खी जीप ओरडत होती, "एक शीट बाकी शे!"