देवरामच्या गाडीचे तीन प्लग

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात प्रभाकरकाकांच्या गॅरेजवर पाटी नाही. आतल्या भिंतीवर खिळे आहेत आणि खिळ्यांना जुने स्पार्क प्लग टांगलेले आहेत, तारेत ओवून, कुठे तीन, कुठे चार. प्रत्येक तारेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर गाडीवाल्याचं नाव आणि तारीख. गाडीतून काढलेला प्लग काकांनी चाळीस वर्षांत भंगारात घातला नाही. "डॉक्टर काय पेशंटचे जुने कागद फेकतो का?" असं ते म्हणतात.

प्लग म्हणजे त्यांच्या लेखी इंजिनाची जीभ. वैद्य जीभ बघतो तसं ते प्लगचं टोक बघतात, दारात, उन्हात, डोळ्याजवळ धरून. टोकाजवळच्या चिनी मातीवर काजळी असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पितं आहे. ती पांढरीफटक असेल तर आत आच जास्त आहे, आणि ही आच एक दिवस पिस्टन खाणार. मधला एकच रंग तब्येतीचा, ग्लुकोज बिस्किटाचा. पूर्वी ते चहाबरोबरचं बिस्किट खरोखरच प्लगशेजारी धरून बघत. मग त्यांना साखर निघाली आणि कोकिळाकाकूंनी घरातली, गॅरेजातली सगळी बिस्किटं बंद केली.

"रंग पाठ आहे मला," काका म्हणाले. "बायको ओळखायला फोटो लागतो का कुणाला?"

"तुम्हाला लागेल," काकू म्हणाल्या. "मान वर करून बघता कुठं तुम्ही."

देडतलाईचे देवराम हे काकांचे शाळेपासूनचे मित्र. मामाकडे राहून ते बुऱ्हाणपुरात शिकले आणि नंतर गावी जाऊन शेती बघू लागले. एकमेकांना ते अजून परभ्या आणि देव्या म्हणतात, निदान त्या नोव्हेंबरपर्यंत म्हणत होते. देवरामचा मुलगा ललित इंदूरला नोकरीला आहे. त्याने हौसेने एक छोटी टर्बो गाडी घेतली, तीन सिलिंडरची, आणि इंदुरातच एका माणसाकडून तिचं ट्यूनिंग करून घेतलं, म्हणजे इंजिनाची ताकद कंपनीने दिली त्याहून वाढवून घेतली. पुढे त्याच्या आईला, मथुराबाईंना, हृदयाचा त्रास सुरू झाला. देडतलाईहून बुऱ्हाणपूरचा दवाखाना लांब. ललितने गाडी आईसाठी गावी आणून ठेवली आणि स्वतः बसने फिरू लागला.

फेब्रुवारीत देवराम आणि मथुराबाई तपासणीला आले, तेव्हा गाडी काकांकडे आली. प्लग बदलायचे होते. कंपनीचे प्लग इथे मिळत नव्हते, म्हणून ललितने बाहेरचे मागवून कुरिअरने काकांकडे पाठवले होते. एक नाही, दोन सेट. एक कंपनीच्या प्लगइतकाच गरम, दुसरा एक नंबर थंड. थंड प्लग आपल्या टोकाची उष्णता लवकर इंजिनाच्या धातूत सोडून देतो. गरम प्लग ती धरून ठेवतो.

काका जुने प्लग काढत असताना ललितचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, ट्यूनवाला बोलला थंडवालेच लगाव. टर्बो आहे, वरून ट्यून केलेली. तरी दोन्ही भेजलेत मी, फायनल तुम्हीच बघा."

"तुझा ट्यूनवाला इंदुरात बसलाय बेटा. प्लग माझ्या हातात आहे."

ते दारात आले. तिन्ही प्लग उन्हात फिरवून पाहिले.

"बिस्किट," ते म्हणाले. "तिन्ही एकसारखे. तुझं इंजिन खूश आहे. थंड घातले तर गावातल्या गावात फिरताना काजळी धरतील, आणि एखाद्या सकाळी गाडी सुरूच होणार नाही. वहिनींना कधी न्यावं लागेल सांगता येतं का? पहिल्या सेल्फला लागायला पाहिजे ती."

"ठीक आहे काका. तुम्ही म्हणता तर टेन्शन नाही."

देवराम बाकड्यावर बसले होते. "झालं का वैद्यबुवांचं? जीभ पाहिली, आता नाडी पण बघा."

"नाडी तुझी बघतो, ये इकडे. वहिनींना नेताना गाडी ऐंशीच्या वर गेलेली असते तुझी."

मथुराबाई हसल्या. काकू घरात गेल्या आहेत असं बघून त्यांनी पिशवीतून ग्लुकोजचा पुडा काढला आणि एक बिस्किट काकांच्या हातावर ठेवलं. ही त्यांची जुनी चोरी होती. दर वेळी एकच. एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात बिस्किट अशी काकांची एक क्षण अवस्था झाली. मग त्यांनी बिस्किट खाल्लं.

गरमवाला सेट बसला. थंडवाला न फोडता कपाटात गेला. जुने तीन प्लग तारेत ओवले गेले आणि पुठ्ठ्यावर देवरामचं नाव लिहिलं गेलं.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, मथुराबाईंच्या छातीत दुखायला लागलं. गाडी पहिल्या सेल्फला लागली. देवरामने एसी पूर्ण सोडला आणि पाय खाली दाबून ठेवला. खकनारजवळच्या चढावर इंजिनातून खडे वाजावेत तसा आवाज आला, मग धूर, मग काहीच नाही. त्या रस्त्याला उन्हात सावली नव्हती. एका ट्रॅक्टरवाल्याने पाणी दिलं. दुसरी गाडी मिळायला पाऊण तास लागला, आणि दवाखान्याच्या फाटकात पोचेपर्यंत मथुराबाईंना आत नेण्यात काही अर्थ उरला नव्हता.

इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनला मधोमध भोक पडलेलं होतं. उघडणाऱ्याने सांगितलं की ट्यून केलेल्या गाड्यांचं असंच होतं. तेराव्याच्या दिवशी, पाहुणे उठायच्या आधी, देवरामने काकांना विचारलं, "असं होतं का रे ट्यूनमुळं?"

"होतं," काका म्हणाले.

"प्लगचं काही?"

"प्लग ठीक होते. मी पाहिले होते ना."

मग देवराम मुलाकडे वळले आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाले, "आईची गाडी तू खेळणं केलीस." त्याच संध्याकाळी ललित इंदूरला गेला आणि पुन्हा आला नाही. त्या घरात त्याचं नाव घेणं थांबलं.

नोव्हेंबरात काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. काकू दोन वर्षं मागे लागल्या होत्या आणि काका दोन वर्षं म्हणत होते, रस्ता दिसतो, नट दिसतात, आणखी काय बघायचंय. पट्टी निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "फार पिकला होता. गेली दोन-तीन वर्षं तुम्हाला सगळं पिवळट दिसत असणार. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला कळत नाही."

घरी आल्यावर काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले.

"केस एवढे पांढरे कधी झाले तुझे?"

"झालं, आता हेच ऐकायचं राहिलं होतं," काकू म्हणाल्या, पण त्या दिवशी त्यांनी त्यांच्या आवडीची भाजी केली.

आठवड्याने ते गॅरेजात गेले. भिंत त्यांना निराळीच दिसली. चुना निळसर पांढरा होता, तारांचा गंज लाल होता. हौसेने ते एकेक तार उतरवून बघू लागले. जुन्या तारा जशा आठवत होत्या तशाच होत्या. अलीकडच्या तशा नव्हत्या. देवरामची तार हातात आली तेव्हा ते दारात आले. तिन्ही प्लगची माती पांढरी होती, भाजलेल्या चुन्यासारखी, आणि तिच्यावर बारीक चकाकणारे कण होते. पिस्टन वितळू लागला की त्याचा धातू असा उडून प्लगवर बसतो. हे त्यांनी स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं.

त्यांनी उजवा डोळा झाकला आणि जुन्या, डाव्या डोळ्याने पाहिलं. बिस्किट. डावा झाकला. पांढरे. पुन्हा उजवा झाकला. काकू जेवायला बोलवायला आल्या तोपर्यंत ते हेच करत होते.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. काकू बाकड्यावर बसल्या.

"आता सांगून वहिनी येणार आहेत का परत?" त्या म्हणाल्या. "एवढा एकच मित्र आहे तुम्हाला."

"वहिनी नाही येणार," काका म्हणाले. "पोरगा येईल."

आधी त्यांनी बाकीच्या तारा उतरवल्या, गेल्या तीन वर्षांच्या. ज्यांचे प्लग पांढरे निघाले त्या सगळ्यांना फोन केले आणि गाडी घेऊन या म्हणून सांगितलं. लोक हसले. "काका, गाडी तर मक्खन चालतेय." तरी त्यांनी एकेकाला आणवलं. देवरामला मात्र त्यांनी फोन केला नाही. त्या गोष्टीसाठी ते बसने देडतलाईला गेले.

अंगणात कापूस पसरलेला होता. गाडी निंबाखाली तशीच उभी होती, ताडपत्री घातलेली. देवराम खाटेवर बसले होते.

"ये परभ्या. डोळा उघडला म्हणे तुझा."

"हाव. उघडला."

काकांनी पिशवीतून तीन प्लग काढून खाटेवर ठेवले. शेजारी, वाटेत घेतलेल्या पुड्यातलं एक बिस्किट ठेवलं.

"रंग सांग."

"हे पांढरे. हे बिस्किट." देवराम हसले. "हे विचारायला एवढ्या लांब आलास? डोळा नीट बसवला नाही वाटतं डॉक्टरनं."

"फेब्रुवारीत मला दोन्ही सारखे दिसले होते."

देवरामचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि त्यामागचा माणूस हळूहळू गप्प झाला. काकांनी न फोडलेला थंड प्लगांचा सेट काढून समोर ठेवला.

"हा ललितनं पाठवला होता. हाच लावा म्हणाला होता, तू ऐकलंस. मी रंग बघून नको म्हणालो. ट्यून केलेली असली तरी यांनी ती टिकली असती. त्यानं माझ्या शब्दावर सोडलं, देव्या. दुसरं काही नाही केलं त्यानं."

"तेराव्याला मी तुला विचारलं होतं."

"हाव."

"तू म्हणालास ठीक होते."

"तेव्हा मला ठीकच दिसले होते."

"डोळे गेलेत हे तुला कळत नव्हतं?"

"कोकिळा सांगत होती दाखवा म्हणून. मी नाही दाखवले."

देवरामने एक प्लग उचलला, उन्हात फिरवला आणि परत ठेवला. कापसावर एक शेळी आली, तिला हाकललं. मग ते म्हणाले, "चारला बस आहे."

काका उठले. देवरामने प्लग ठेवून घेतले. बिस्किटांचा पुडा तेवढा उचलून त्यांनी काकांच्या पिशवीत घातला.

दोन दिवसांनी ललितचा फोन आला.

"काका, बाबांचा कॉल आला होता."

"काय म्हणाले?"

"काही नाही. जेवलास का, एवढंच." मग तो म्हणाला, "मला तर पूर्ण वेळ वाटत होतं, ट्यूनच चुकला माझा. तुम्ही प्लग ठीक बोलला होतात ना."

"हाव बेटा. बोललो होतो."

"तुम्ही नसतं सांगितलं तर कुणाला कळलं असतं, काका?"

काका म्हणाले, "घरी कधी जातोस?"

एप्रिलात वर्षश्राद्ध झालं. ललित आठ दिवस आधीच गावी गेला होता, असं देडतलाईच्या बसच्या कंडक्टरकडून काकांना कळलं. बोलावणं आलं नाही. संक्रांतीला देवरामच्या घरून दरवर्षी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी यायची, तीही आली नव्हती.

गॅरेजच्या दारात आता डब्याचं एक झाकण असतं आणि त्यात एक ग्लुकोज बिस्किट. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आहे, तरी काका प्रत्येक प्लग त्या बिस्किटाशेजारी धरून बघतात. "काका, शुगर वाढेल," असं कुणी म्हणालं तर तेही हसतात. संध्याकाळी ते बिस्किट चुरून चिमण्यांना टाकतात, सकाळी नवीन ठेवतात. एका खिळ्याला नुसतीच तार आहे, प्लग नसलेली. तिला देवरामच्या नावाचा पुठ्ठा आहे. वाऱ्याने तो कधी उलटा होतो, तेव्हा काका जाता जाता सरळ करतात.