बांबूच्या बेटाशी रानगवा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या जावेबरोबर पोंभुर्ण्याच्या जंगलात विडीसाठी तेंदूची पानं तोडायला गेले होते. सकाळी आठच्या सुमारास नाल्यापलीकडे रानगव्याची मादी दिसली. ती बांबूच्या बेटाला पाठ लावून उभी होती. तिच्या पोटाखाली तांबूस वासरू थरथरत होतं आणि भोवती पाच रानकुत्री फिरत होती.

"पळू नको," जावेने माझं मनगट धरलं.

कुत्री दोन्ही बाजूंनी वासरावर झेप घ्यायला बघत होती. मागे बांबू असल्यामुळे मादीला पाठीमागची काळजी नव्हती. मान खाली घालून ती शिंगं इकडून तिकडे फिरवत होती. एक कुत्रा फार जवळ आला, तसं तिने त्याला शिंगावर घेऊन उडवलं. तो दगडावर आपटला, लंगडत उठला आणि झाडीत शिरला. हळूहळू बाकीचीही त्याच्यामागे गेली.

मग तिने आमच्याकडे तोंड वळवलं. शिंगाच्या टोकाला रक्त होतं.

"बाई, आता कुठी जायचं?" मी पुटपुटले.

"कुठीच नाई. उभी राय."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मादीने जोरात फुत्कार टाकला, वासराला तोंडाने ढकललं आणि ती उताराने निघून गेली. मी खाली बसून रडले.

"मले पण भेव लागलं होतं," जाऊ म्हणाली.

घरी आम्ही काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आम्हाला कुणी जंगलात जाऊ दिलं नसतं आणि पानांची मजुरी बुडाली असती.